आजीची काठवट खरंच दीडशे वर्षांची आहे का? जुनं कोरीव लाकडी भांडं ओळखायचं कसं आणि त्याची किंमत धरायची कशी

मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर बिल्डरला द्यायचं ठरलं आणि माळा खाली करायला काढला. पितळी घागरी, दोन सरोते, तान्ह्या पोळ्याचे तीन लाकडी नंदी (एकाचं चाक गेलेलं), धान्य मोजायच्या पायल्यांचा अर्धा सेट आणि सगळ्यात खाली पोत्यात गुंडाळलेली आजीची काठवट. काठवट म्हणजे एकाच लाकडात कोरलेली खोलगट परात, कणिक-पीठ मळायची, त्यातच भाकर थापायची. कुठं काथवटही म्हणतात. तर सामान काढणं चालू असतानाच एक जुन्या वस्तू घेणारा भाऊ दारात हजर, त्यानं काठवट उलटीपालटी केली आणि म्हणाला, पंधराशे देतो, आत्ताच उचलतो. आत्या म्हणे, "अगं ही दीडशे वर्षांची आहे, माझ्या आजीच्या सासूची." तो म्हणाला, "बाई, काही नाही, पन्नास-साठ वर्षं असेल, जळण आहे हे." मग दोघंही माझ्याकडे पाहून राहिले, कारण घरात या भांड्यांच्या मागं लागलेली मी एकटीच.

मी म्हटलं, विकायचं की नाही ते नंतर ठरवू, आधी ती काय आहे ते तर पाहू. त्या आठवड्यात मी जे जे पाहिलं, आणि त्याच्या आधी पाच-सहा वर्षांत चुका करत करत जे शिकले, ते इथं सोप्या भाषेत लिहिते आहे, कारण घरं पाडणं सगळीकडंच चालू आहे आणि अशी भांडी रोज कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावरून खाली येऊन राहिली आहेत आणि पाच मिनिटांत निकाली निघत आहेत.

पहिली गोष्ट, हातात आलेलं भांडं कोरीव आहे की कातीव. आपल्या मराठीत हे दोन शब्द किती नेमके आहेत बघा. कोरीव म्हणजे लाकूड एका जागी धरून वाकस (आडव्या पात्याचं, कुऱ्हाडीसारखं हत्यार), पटाशी (सपाट धारेची छिन्नी), कोरणीनं आतून पोखरून काढलेलं. कातीव म्हणजे लाकूड फिरवून, फिरत्या लाकडाला हत्यार लावून काढलेलं, ते काम कातारी करतो. काठवट, मिठाचं भांडं, उखळ, चाटू हे सहसा कोरीव. कुंकवाचा करंडा, लाखेच्या डब्या, पाळण्याचे दांडे, बाजेचे पाय हे कातीव. कातीव म्हणजे कमी दर्जाचं असं अजिबात नाही, सावंतवाडीचं किंवा चन्नपट्टणचं लाखकाम बघितलं तर कळेल की त्यात केवढी हातोटी लागते, पण विकणारा जर "हाताने कोरलेलं" म्हणून कातीव भांडं देत असेल तर त्याला वस्तू कळत नाही किंवा तो खरं सांगत नाही, दोन्हीत आपण सावध व्हायचं. आणि तिसरा प्रकार आता आला आहे, मशीननं कोरलेलं, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन देतात आणि फिरणारं बिट लाकूड खोदत जातं.

हे ओळखायला महागडं काही लागत नाही. मोबाइलचा टॉर्च आणि सोनाराचं भिंग, इतवारीत सराफ्याच्या आसपास मिळून जातं, दहापट मोठं दाखवणारं घ्या. खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च भांड्याला जवळजवळ आडवा टेकवून धरा म्हणजे उजेड पृष्ठभागावरून घसरत जाईल. सरळ उजेडात गुळगुळीत दिसणारं भांडं अशा आडव्या उजेडात सगळं बोलायला लागतं. वाकसानं काढलेल्या भांड्याला उथळ, माशाच्या खवल्यासारखे सपाट-सपाट चट्टे दिसतात, प्रत्येक घावाचा एक, आणि ते कधीच एकसारखे नसतात कारण माणूस मधे थांबतो, बसायची जागा बदलतो, लाकडाचा रेषा (तंतू) जिकडं वळतो तिकडं हात वळवतो. कातीव भांड्यावर गोल गोल, एकाच मध्यबिंदूच्या रेघा दिसतील आणि तळाशी मधोमध बारीकसा खड्डा किंवा बुजवलेली खूण, जिथं लाकूड अडकवलं होतं ती जागा. मशीनच्या भांड्यात अगदी बारीक, समान अंतरावरच्या समांतर रेघा असतात आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे आतले कोपरे. फिरणारं बिट गोल असतं, त्यामुळं ते आतला कोपरा सहसा टोकदार काढत नाही, तिथं छोटी गोलाई राहते. पटाशीनं मात्र कोपरा सुरीसारखा निघतो. फुलाच्या दोन पाकळ्या जिथं मिळतात ती फट भिंगातून बघा, तिथं उत्तर असतं.

आमच्या गल्लीतल्या वाढई (सुतार) काकांना मी काठवट दाखवली. त्यांनी डोळे मिटून आतून हात फिरवला, मग बाहेरून, आणि म्हणाले, "ताई, आतून दोन हत्यारं लागली, बाहेरून एकच. आत पटाशी मारून मग घासली, बाहेर नुसता वाकस. अन् हा माणूस घाईत नव्हता, पाहा काठ कसा सारखा ठेवला." बाहेरची बाजू मुद्दाम ओबडधोबड ठेवतात कारण जमिनीवर ती घसरू नये, आणि जिथं पीठ लागत नाही तिथं कशाला घासायचं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वापरासाठी बनवलेल्या भांड्यात मेहनत लागेल तिथंच घातलेली असते. दिखाव्यासाठी बनवलेलं भांडं सगळीकडून सारखं सजवलेलं असतं, अगदी तळालाही.

आता झीज. माझ्या मते सगळं ओळखणं इथंच आहे, बाकीचं पूरक. कारण नक्षी कुणीही नकलू शकतो, रंग लावू शकतो, पण चाळीस वर्षं एकाच बाईनं रोज दोन वेळ भाकरी थापल्यावर लाकूड जिथं आणि जसं झिजतं तशी झीज पॉलिश पेपरनं काढणं फार अवघड असतं, कारण ती काढणाऱ्याला त्या बाईचं बसणं माहीत पाहिजे.

काठवटीचंच सांगते. आतला तळ सारखा झिजत नाही. जिथं तळहाताचा मनगटाकडचा भाग पडतो तिथं खळगा होतो आणि तो खळगा बोटानं कळतो, डोळ्यानं नाही कळत. काठ जिथं डाव्या हातानं धरतात तिथं कडा गोलसर आणि चकचकीत होते, बाकी काठ त्यामानानं धारदार राहतो. बाहेरून तळाला जमिनीवर फिरवल्याचे ओरखडे हवेत, आणि ते सगळ्या दिशांना हवेत. एकाच दिशेचे सरळ ओरखडे म्हणजे कुणीतरी फरशीवर घासलं. हत्याराच्या घावांच्या खोबणीत जुनं पीठ दगडासारखं बसलेलं असतं, करड्या रंगाचं, आणि वर आलेल्या भागावर मात्र तेलातुपाच्या हातानं आलेली तकाकी. म्हणजे उंचवटे चकचकीत आणि खोबणी मळकट, हे खऱ्या वापराचं लक्षण. आमच्या काठवटीच्या एका बाजूचा काठ थोडा काळपट जळलेला होता, ती चुलीकडची बाजू. म्हणजे ती बाजू समोर ठेवून बसलं की आजी कशी बसत असेल ते कळतं. तशी ठेवून मी हात फिरवला तर खळगा भलत्याच जागी. मला अपेक्षित होता उजवीकडं, आणि तो होता स्पष्ट डावीकडं. चकचकीत काठ उजवीकडं. मला वाटलं मी उलटी धरली, पण जळका काठ तर एकच आहे. ते तेव्हा तसंच ठेवलं.

आता खोट्या जुनेपणाबद्दल, कारण याचा फटका मला स्वतःला बसलेला आहे. चार वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी तंबाखूची लाकडी डबी घेतली. छत्तीसगडच्या बस्तरची, शंभर वर्षं जुनी, मुरिया आदिवासींची, असं सांगितलं. तळहातात मावेल एवढी, काळीभोर, वर भौमितिक रेघा आणि एका बाजूला मोर, घेतली साडेतीन हजाराला. घरी आल्यावर मी तिच्याशी रोज खेळत होते आणि पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं की बोटाला तपकिरी रंग लागून राहिला आहे. ओला कापूस फिरवला तर कापूस तपकिरी. भिंगातून पाहिलं तर खोबणी आणि उंचवटे दोन्ही सारखेच काळे, म्हणजे मघाशी सांगितलं त्याच्या उलट. झाकण काढून आतल्या कडेला, जिथं झाकण बसतं त्या घाटाला बघितलं तर लाकूड पांढरंफटक. शंभर वर्षं दिवसातून दहादा उघडलेल्या डबीचा घाट पांढरा कसा राहील? तिथं तर सगळ्यात जास्त झीज पाहिजे, झाकण थोडं सैल झालेलं पाहिजे. आणि आत तंबाखूचा वास नाही, बूट पॉलिशचा वास. मी आतून वास घेतलाच नव्हता दुकानात. आता मी कुठलंही भांडं आधी नाकाला लावते.

लाकूड काळं करायचे हे प्रकार सगळ्यांनी माहीत करून घ्यायला पाहिजेत. पोटॅशियम परमँगनेटचं पाणी लावलं की लाकूड तपकिरी होतं, तेच जे आपण विहिरीत टाकायला जांभळे खडे आणायचो ते. चहाचं किंवा कॉफीचं पाणी, काजळी आणि तेल, बूट पॉलिश, शेणात किंवा ओल्या मातीत पुरून ठेवणं, मग कडा घासणं. हे सगळं आठवड्याभराचं काम. घाईत केलेलं काम भांड्याच्या कडेकोपऱ्यात उघडं पडतं, झाकणाच्या आत, पायाच्या खाली, कडीच्या भोकात. आणि जुन्या भांड्याचा तळ, जिथं हात लागत नाही, तिथं लाकूड कोरडं आणि राखाडी पडलेलं असतं, काळं नाही.

पण याचा अर्थ ती डबी फेकायच्या लायकीची होती असं नाही. मोर खरंच हातानं कोरलेला होता, पटाशीची खूण स्वच्छ होती, बस्तर भागात आजही उत्तम कोरणारे लोक आहेत आणि त्यांचं नवीन काम नवीन म्हणून विकलं तर त्याला मान आहे, पैसे आहेत. ज्यानं तो मोर कोरला त्याच्या कामावर कुणीतरी काळं फासून खोटं वय चिकटवलं, आणि वरचे पैसे त्या कोरणाऱ्याला मिळाले नाहीत हे नक्की. मला राग त्याचा आला.

किडीची भोकं बघून लोक लगेच "जुनं आहे" म्हणतात. थांबा. लाकूड पोखरणारा किडा नवीन लाकडालाही लागतो, दोन वर्षांत चाळण करून ठेवतो. भोकातून काय कळतं ते वेगळंच आहे. किडा आतून पोखरत वळणावळणानं जातो आणि शेवटी बाहेर पडताना एक गोल भोक पाडतो, साधारण एक-दोन मिलिमीटरचं. म्हणजे पृष्ठभागावर आपल्याला फक्त गोल भोकं दिसायला पाहिजेत. पृष्ठभागावर जर उघडे आडवे चर दिसले, बोगदा मधून कापल्यासारखे, तर त्याचा अर्थ कीड आधी लागली आणि लाकूड नंतर कोरलं गेलं. जुन्या घराची मयाल (तुळई) किंवा खांब घेऊन त्यातून नवीन भांडं काढलं की हेच होतं. लाकूड खरंच शंभर वर्षांचं, भांडं मात्र मागच्या वर्षीचं. (झिजलेल्या तळाला एखादा चर उघडा पडू शकतो, पण कोऱ्या नक्षीच्या मधोमध नाही.) आणि ड्रिलनं पाडलेली भोकं सगळी सरळ, सगळी एकाच मापाची असतात, सुई घातली की सरळ आत जाते. भोकाखाली ताजा पांढरा भुगा पडत असेल तर कीड जिवंत आहे, ते भांडं बाकी फर्निचरपासून दूर ठेवा.

लाकडाची जात ओळखता आली तर भांडं कुठलं याचा अंदाज येतो. आपल्या विदर्भात सागवान, शिवण, बिजा, हळदू, बाभूळ, मोह, आंबा ही नेहमीची. सागवान तळाच्या किंवा काठाच्या कापलेल्या टोकाला भिंगातून पाहिलं की वर्षाच्या कड्यांवर मोठ्या छिद्रांची ओळ दिसते, आणि त्याचा तेलकट वास असतो. शिवण फिकट पिवळसर, हलकी, वाकत-फुगत कमी, म्हणून कोरणाऱ्यांना आवडते. हळदू नावाप्रमाणे पिवळं आणि एकदम बारीक पोताचं, त्यात बारीक नक्षी टिकते. बाभूळ जड आणि चिवट, उखळ-मुसळाचं लाकूड. बिजाचे ग्लास शुगरवर म्हणून विकतात, त्यात पाणी ठेवलं की रंगतं. त्याला औषध समजून गोळ्या बंद करू नका एवढंच सांगते, पण लाकूड ओळखायला ती खूण बरी आहे. आमची काठवट वाढई काकांनी बघताक्षणी शिवणीची सांगितली, वजनावरून.

लाकडाबद्दल अजून एक गोष्ट आहे जी मला फार सुंदर वाटते. लाकूड सुकताना सगळीकडून सारखं आक्रसत नाही. रेषाच्या लांबीत जवळजवळ आक्रसतच नाही, आडव्यात आक्रसतं, आणि त्यातही वर्षाच्या कड्यांच्या गोलाईच्या दिशेनं जेवढं आक्रसतं ते गाभ्याकडून सालीकडं जातं त्या दिशेच्या साधारण दुप्पट. म्हणून कातलेला गोल वाडगा कितीही नीट गोल काढला तरी काळानं थोडा लांबट होतो. साधी टेप घ्या, एकदा रेषाच्या दिशेनं माप, एकदा आडवं. जुन्या कातीव ताटलीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज सापडतो. उलटं मात्र खरं धरू नका, ओल्या लाकडात कातलेलं भांडं काही महिन्यांतही लांबट होतं. पण शंभर वर्षांचं म्हणून दिलेला मोठा कातीव वाडगा कंपासनं काढल्यासारखा गोल निघाला तर मी विचारीन, असं काऊन?

आता पायल्या. माळ्यावर तीन मापं सापडली, एक मोठं, दोन छोटी, काठाला लोखंडी पट्टी. धान्य मोजायची मापं हा विदर्भात घरोघर सापडणारा प्रकार, आणि आता ड्रॉइंगरूमला ठेवायला त्यांची मागणी असल्यामुळं नवीनही बनून येतात. यांची परीक्षा अगदी सोपी आहे आणि ती घरातल्या ज्वारीनं होते. जुना हिशोब असा, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली, सोळा पायल्या म्हणजे एक मण. गावोगावी शेर लहानमोठा असायचा, त्यामुळं लिटरमध्ये मोजून काही सिद्ध होत नाही, पण एका सेटमधली मापं एकमेकांशी खरी असायलाच पाहिजेत. दुप्पट तर दुप्पट. छोटं माप दोनदा भरून मोठ्यात ओतलं आणि ते काठोकाठ भरलं तर ते माप म्हणून बनलेलं आहे. आमची दोन छोटी एकमेकांशी जुळली आणि मोठ्यात बरोबर चार वेळा गेली, म्हणजे शेर आणि पायली. शोपीस म्हणून बनलेले सेट दिसायला छान उतरत्या आकाराचे असतात पण ज्वारी भरली की हिशोब जुळत नाही, कारण बनवणाऱ्यानं डोळ्याला बरं दिसेल ते केलं, मोजलं नाही.

त्या लोखंडी पट्टीलाही कारण आहे. मापाचा काठ घासून कमी केला तर प्रत्येक मापात दाणे कमी जातात, म्हणून काठ धातूनं बांधायचे. पट्टी आणि लाकूड एकमेकांना कसे लागले आहेत ते बघा. लोखंड आणि लाकडातला तुरटपणा, ओल लागली की दोघं मिळून निळसर काळा डाग करतात, जुन्या खिळ्याभोवती तो खोलवर गेलेला असतो, लाकूड तिथं मऊ पडलेलं असतं आणि खिळा स्वतः बारीक झालेला असतो. लोहारानं ठोकलेला चौकोनी खिळा वेगळा आणि कारखान्याचा गोल तारेचा खिळा वेगळा. फक्त एक चूक करू नका, खिळा सांगतो तो दुरुस्तीचा काळ, भांड्याचा नाही. जुन्या भांड्याला कालपरवा खिळा मारलेला असू शकतो.

वयाचा अंदाज धरायला या मापांचा उपयोग होतो. मेट्रिक वजनमापं देशात १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, त्याचा कायदा १९५६ चा. त्यानंतर बाजारात शेर-पायली मागं पडत गेली, पण खेड्यात मजुराला धान्य द्यायला, उसनं द्यायला-घ्यायला पायली कितीतरी नंतरपर्यंत चाललीच. म्हणून पायली दिसली की "१९५८ च्या आधीची" असं छातीठोक म्हणता येत नाही, पण खूप वापरलेली, पट्टी झिजलेली असेल तर त्या काळाच्या आसपास ती कामात होती असं म्हणता येतं.

खरं म्हणजे लोकांच्या हातच्या भांड्याचं नेमकं साल जवळजवळ कधीच सांगता येत नाही. त्यावर सही नसते, तारीख नसते. कार्बन डेटिंग करून घ्या असं कुणी सुचवलं तर लक्षात घ्या, त्यातून झाड कधी वाढलं ते कळतं, भांडं कधी कोरलं ते नाही, आणि शे-दोनशे वर्षांच्या आतल्या वस्तूला ते उत्तर फार ढोबळ येतं. म्हणून चांगला जाणकार "१८७५ ची आहे" असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो, "विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातली असावी, या या कारणानं." कारणं न सांगता नेमकं साल सांगणाऱ्यापासून मी लांब राहते.

डोळा तयार करायचा असेल तर खरी वस्तू बघत राहायची. आपल्याकडं मध्यवर्ती संग्रहालय आहे, ज्याला सगळं नागपूर अजब बंगला म्हणतं, १८६३ चं. शाळेच्या ट्रिपमध्ये आपण तिथं वाघ बघून परत आलो. परत जा आणि आदिवासी दालनात अर्धा तास घालवा, कडा बघा, झीज बघा, कुठं सजवलंय आणि कुठं सोडून दिलंय ते बघा. पोळ्याच्या आधी लाकडी नंदी विकायला बसतात तिथंही मी भिंग घेऊन जाते, नवीन वाकसाचा घाव ताजा कसा दिसतो ते तिथं फुकटात बघायला मिळतं, आणि घरातला पणजोबांच्या वेळचा नंदी शेजारी ठेवला की तोच घाव वर्षांनी कसा होतो तेही.

आता किंमत. आधी विचारा, किंमत कशासाठी काढायची आहे. विकायची असेल तर आज घेणारा रोख किती देईल ती एक किंमत. इन्शुरन्ससाठी काढायची असेल तर तशीच दुसरी आणायला किती लागतील ती दुसरी, आणि ती नेहमी जास्त असते. भावाभावांत वाटणी करायची असेल तर मधली, दोघांना पटेल अशी. एकाच काठवटीचे हे तीन आकडे असू शकतात आणि तिन्ही खरे असतात. भांडणं होतात ती बहुतेक वेळा एकानं एक आकडा धरला आणि दुसऱ्यानं दुसरा म्हणून. ऑनलाइन कुणी पन्नास हजार लिहिलं आहे ते बघून भुलू नका, तो मागितलेला भाव आहे. विकला गेलेला भाव बघायचा, लिलावांच्या निकालात तो मिळतो, आणि तो सुद्धा तशाच प्रकारच्या, तशाच मापाच्या, तशाच अवस्थेतल्या वस्तूचा.

भाव कशानं वाढतो? माझ्या अनुभवात वय एकटं फार काम करत नाही. साधी, बिननक्षीची काठवट कितीही जुनी असली तरी तशा पुष्कळ आहेत. हात दिसला पाहिजे. म्हणजे कोरणाऱ्यानं काठाला दिलेला एखादा वळसा, कानाला (धरायच्या मुठीला) काढलेला पक्षी, जे दुसऱ्या कुणी तसंच काढलं नसतं. मग कुठली, कुणाची, कशी आली याची खात्रीची हकीकत. मग अवस्था. आणि इथं फर्निचरवाले आणि आपण वेगळे, कारण जुनी दुरुस्ती लोककलेच्या भांड्यात दोष नसते. तडा गेला, तिथं तांब्याची तार ओवून शिवला, वर पत्र्याचा तुकडा बसवला, लाख भरली, म्हणजे कुणाला तरी ते भांडं टाकवलं नाही. अशी तारेची शिवण चांगल्या संग्राहकाला आवडते. सगळ्यात जास्त भाव कशानं पडतो तर आपण प्रेमानं केलेल्या साफसफाईनं. घासून, पॉलिश पेपर मारून, वर चकचकीत व्हार्निश दिलं की शंभर वर्षांची झीज एका दुपारी गेली, परत येत नाही. मी हे एका ओळखीच्या घरी होऊन गेलेलं बघितलं आहे, करंडा होता, लाखेचा, आजही आठवलं की जीव हळहळतो. धूळ काढायची असेल तर कोरडा मऊ ब्रश, बस्स. पाणी नाही, साबण नाही, खोबरेल तेल तर अजिबात नाही, ते खवट होतं आणि धूळ धरतं.

नागपूरच्या हवेत अजून एक जपायचं. मे महिन्यात ४५ च्या वर कोरडं ऊन, आणि त्याच खोलीत कूलरचा ओला वारा, मग जूनच्या शेवटी एकदम पावसाळी दमट. लाकूड या प्रत्येक बदलाला फुगतं-आक्रसतं आणि तडकतं. कूलरच्या तोंडासमोर, खिडकीच्या उन्हात आणि बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका. जिवंत कीड असेल तर भांडं प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, संग्रहालयंही असे गोठवून किडे मारतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, घरच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर लाकडावर पाणी जमतं.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे, त्यात शंभर वर्षांच्या वरची कारागिरीची वस्तू पुरावशेष धरली जाते, ती परदेशात नेता येत नाही आणि तिचा धंदा करायला लायसन लागतं. परदेशातल्या मुलीला आजीचं भांडं पाठवायचं असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडून ते पुरावशेष नाही असा दाखला घ्यावा लागतो, नागपुरात त्यांचं सर्कल ऑफिस आहे. त्यामुळं "शंभर वर्षं जुनं आहे, कुरियरनं अमेरिकेला पाठवून देतो" असं कुणी म्हणालं तर दोनातलं एक तरी खोटं किंवा बेकायदा आहे.

तर आमची काठवट. शिवणीची, एका अखंड लाकडातली, वाकस-पटाशीची, दोन्ही कान हातानं कोरलेले आणि एका कानावर चार पाकळ्यांचं फूल, दुसऱ्यावर नाही (पूर्ण झालं नाही की मुद्दाम सोडलं, कळत नाही). तडा एक, त्यावर तारेच्या चार टाक्यांची शिवण, तार कारखान्याची. किडीची सात गोल भोकं, सगळी जुनी, भुगा नाही. झीज खोल आणि खरी. मी आत्याला म्हटलं, दीडशे वर्षं मला म्हणता येणार नाही, पण आजीच्या १९४८ च्या लग्नात ती या घरात होती हे तू सांगतेस आणि लाकूड त्याला नाही म्हणत नाही, त्याच्या आधीची किती ते लाकूड सांगत नाही. पंधराशेला द्यायची नाही हे मात्र मी सांगते. आत्या थोडी हिरमुसली, दीडशे गेले म्हणून.

मग मी तिला तो खळगा दाखवला. जळका काठ समोर ठेवला, तिचा हात धरून आत फिरवला आणि विचारलं, हा डावीकडं कसा काय? आत्यानं हात तिथंच ठेवला, बराच वेळ. मग म्हणाली, "आई डावखुरी होती ना गं. सासरी आल्यावर जेवताना उजवा हात वापरायला लावला तिला, सगळ्यांसमोर उजव्यानंच जेवायची. पण स्वयंपाकघरात कोण पाहते, भाकर ती डाव्यानंच थापे."

हे मला माहीत नव्हतं, माझ्या वडिलांनाही नाही. मी एक कागद घेतला, लाकडाची जात, माप, वजन, तारेची शिवण, १९४८ आणि कुणी सांगितलं ते लिहिलं, त्याखाली आत्याचं हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं, तिची सही घेतली, आणि कागद पिशवीत घालून दोऱ्यानं फुलाच्या कानाला बांधला.